माळशेजचा चढ, कसाऱ्याचा उतार आणि दोन गाड्या

पहिला दिवस : पामबीच मार्ग आणि अटल सेतू

नवी गाडी घेतली की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा असतो, दुसरा ‘ऑन रोड कितीला पडली?’ हा, आणि विचारणारा जरा हौशी असेल तर तिसरा, ‘पिकअप कसा आहे?’. ती चालवताना कशी वाटते, हे क्वचितच कोणी विचारते, आणि विचारलेच तर ‘मस्त’ या एका शब्दात विषय संपतो. मला मात्र हा विषय त्याहून बराच मोठा वाटतो. गाडीपासून चालकाला मिळणारे समाधान तिच्या ताकदीवर फार थोडे अवलंबून असते. हाताने आणि पायाने जेवढे मागितले तेवढेच आणि त्याच क्षणी ती देते का, आणि चाकांखाली काय चालले आहे ते चालकापर्यंत पोहोचवते का, या दोन गोष्टींवर सारे ठरते, असे माझे मत आहे. हे मत एकाच रस्त्यावर दोन वेगळ्या स्वभावाच्या गाड्या चालवून पारखावे, म्हणून डिसेंबरच्या अखेरीस आम्ही नेरूळ, ठाणे, माळशेज, भंडारदरा, कसारा आणि परत ठाणे असा फेरा आखला.

पहिली गाडी माझी : २००३ सालची फियाट पॅलिओ, १६०० सीसीचे पेट्रोल इंजिन, १०० अश्वशक्ती, पाच गिअर आणि हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग. ती आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण करून आणि पर्यावरण कर भरून मी ती ठेवली आहे, कारण तिच्याइतकी मोकळेपणाने बोलणारी गाडी मला पुन्हा मिळालेली नाही. दुसरी गाडी नेरूळला राहणाऱ्या माझ्या मावसभावाची : नवी, उंच बांध्याची, टर्बो पेट्रोल इंजिन आणि स्वयंचलित गिअर असलेली, पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी आणि रस्त्यावरचा आपला पट्टा (लेन) सुटू लागला तर स्टिअरिंग स्वतः हलवणारी. सोबत त्याचे वडील, म्हणजे आमचे काका. एस.टी.च्या नोकरीत कल्याणहून माळशेजमार्गे नगरकडे जाणाऱ्या गाड्या त्यांनी वर्षानुवर्षे चालवल्या आहेत. प्रत्येक टप्प्यावर गाड्यांची अदलाबदल करायची, एवढा एकच नियम आम्ही ठरवला.

पहाटे नेरूळहून निघून आधी पामबीच मार्ग वाशीच्या टोकापर्यंत नेला आणि तिथून बेलापूरच्या दिशेने परत आणला. एका बाजूला खाडी आणि तिवरांची झाडी, दुसरीकडे इमारतींची रांग, आणि मधला सुमारे १० किलोमीटरचा रुंद, बहुतांशी सरळ रस्ता. स्टिअरिंगची परीक्षा वळणावर होते असे मानले जाते, पण तिची पहिली खूण सरळ रस्त्यावरच मिळते. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याच्या पृष्ठभागाला कडेकडे किंचित उतार ठेवलेला असतो, त्यामुळे गाडी अगदी थोडी डावीकडे ओढ घेते आणि तिला धरून ठेवायला हाताला कायम हलकासा भार द्यावा लागतो. पॅलिओत हा भार बोटांना सतत जाणवतो, आणि स्टिअरिंग एका बोटाच्या रुंदीइतके फिरवले तरी गाडीचे नाक तितकेच वळते. भावाच्या गाडीत मध्यभागी थोडी मोकळी जागा आहे. तेवढ्या फिरवण्याने काहीच घडत नाही, आणि त्यापुढे गेले की एकदम घडते. गाडी सरळ जात नाही असे मुळीच नाही, ती उत्तम सरळ जाते. मात्र ती कशाच्या आधाराने सरळ जाते आहे, हे हाताला कळत नाही.

उलव्याजवळ आम्ही अटल सेतूवर चढलो. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला हा पूल २१.८ किलोमीटर लांब आहे, त्यापैकी सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावरून जातो, आणि मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला भावाची गाडी फारच सरस ठरली. इंजिन वरच्या गिअरात शांतपणे फिरत होते, वाऱ्याचा आवाज आत येत नव्हता, आसन कमरेला उत्तम आधार देत होते, आणि पुढच्या वाहनाशी अंतर राखण्याचे काम गाडी स्वतः चोख करत होती. पॅलिओत त्याच वेगाला इंजिनाचा आवाज सतत कानावर होता, आणि खाडीवरच्या आडव्या वाऱ्यासाठी हात सावध ठेवावे लागत होते. रोज अशा रस्त्याने कामावर जाणाऱ्याला विसाव्याची किंमत मोठी असते, आणि ती देणारी गाडी चांगली गाडी आहे, याबद्दल मला शंका नाही. शिवडीला उतरून पूर्व मुक्तमार्ग आणि पूर्व द्रुतगती महामार्गाने आम्ही ठाण्याला आलो आणि मुक्काम माझ्याकडे केला.

दुसरा दिवस : ठाणे ते माळशेज

माजिवड्याहून खारेगाव, रांजनोली नाका, कोन आणि दुर्गाडी पूल असे करत कल्याणात शिरेपर्यंत उजाडले होते, आणि शहाडचा पूल ओलांडण्यात बराच वेळ गेला. अशा रस्त्यावर गाडीची परीक्षा होते ती क्लचवर. क्लच पाय सोडताना नेमका कुठे पकडतो आणि ती पकड किती सावकाश वाढते, यावर चालकाचा दिवस चांगला जातो किंवा वाईट. पॅलिओचा क्लच जड आहे, पण त्याची पकड लांब पट्ट्यात हळूहळू येते, त्यामुळे ट्रकच्या मागे हातभर सरकून थांबणे, पुन्हा हातभर सरकणे, हे झटका न बसता जमते. भावाच्या गाडीत तो प्रश्नच नाही. ब्रेकवरचा पाय किंचित उचलला की ती सरकते. ठाण्या-कल्याणची गर्दी रोज अनुभवणाऱ्यांनी स्वयंचलित गिअरकडे वळावे, यात मला काही गैर वाटत नाही. कल्याणचे नाव निघालेच आहे तर एक नोंद करतो : १९९०च्या दशकात प्यूजो ३०९ ही फ्रेंच मोटार इथल्याच कारखान्यात तयार होत असे. तिचा धंदा लवकर आटोपला, पण आपल्या खडबडीत रस्त्यांवर गाडी मऊ चालूनही वळणावर पक्की राहू शकते, हे तिने त्या काळात दाखवून दिले होते.

रायत्याचा पूल, मुरबाड, सरळगाव हे टप्पे लवकर मागे पडले. टोकावड्याच्या पुढे सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते आणि मोरोशी सोडल्यावर चढ सुरू होतो. काकांना मी पॅलिओत शेजारी घेतले, भाऊ मागून आला. त्यानंतर वर पोहोचून गाड्या बदलायच्या, खाली उतरायचे आणि पुन्हा चढायचे, असे ठरले होते. फेऱ्याचा मुख्य हेतूच तो होता.

घाटात तिसरा गिअर लावला, तीव्र वळणांना दुसरा. टर्बो नसलेल्या इंजिनाचा एक गुण चढावर उघड होतो : अ‍ॅक्सिलरेटर जेवढा दाबावा तेवढाच जोर, आणि तो दाबताक्षणी. ताकद इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर सरळ वाढत जाते, म्हणून पुढच्या वळणाच्या शेवटी किती जोर लागेल याचा अंदाज पाय आधीच घेऊ शकतो. टर्बो इंजिनात बाहेर पडणारा धूर चक्र फिरवतो आणि ते चक्र हवा कोंडून इंजिनाला देते; या उलाढालीला अगदी क्षणभर लागतो. सपाट रस्त्यावर तो क्षण ध्यानात येत नाही. घाटात मात्र, त्यातच स्वयंचलित गिअर इंधन वाचवण्यासाठी वरच्या गिअरात बसलेला असेल तर, पाय दाबल्यावर आधी काही होत नाही, मग दोन गिअर खाली येतात, आणि मग गरजेपेक्षा जास्त जोर एकदम मिळतो. भावाच्या गाडीत स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर हाताने बदलता येतात. तसे केल्यावर पुष्कळ सुधारणा झाली, आणि तो हे पहिल्यांदाच करत होता.

एका डाव्या वळणावर जे घडले ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण माझे सगळे म्हणणे त्यात आले आहे. वेग ताशी ३५ ते ४० होता. वळणाच्या आतल्या कडेला डोंगरावरून ओघळून आलेली बारीक कच रस्त्यावर पसरलेली होती. सावलीमुळे ती दिसत नव्हती. स्टिअरिंग वळवलेले, दोन्ही हात कडेवर, आणि हाताला वळणाचा जो नेहमीचा भार असतो तो होता. पुढचे डावे चाक कचेवर येताच तो भार कमी झाला. गाडी अजून घसरलेली नव्हती, रेषा सुटलेली नव्हती, पण हातातले वजन गेले होते. मी काही ठरवण्याआधीच उजवा पाय थोडा उचलला गेला, स्टिअरिंग किंचित सैल झाले, आणि पुढच्या हातभर अंतरात भार परत आला. काका खिडकीतून कठड्याकडे पाहत होते. ते म्हणाले, “कच लागली ना?” त्यांना ती आसनातून कळली होती.

यामागचे कारण साधे आहे. वळवलेल्या चाकाला रस्ता पुन्हा सरळ करू पाहतो, आणि ही ओढ दांड्यांमधून हातापर्यंत येते. स्टिअरिंगचे खरे वजन म्हणजे हीच ओढ. टायरची पकड संपत येते तेव्हा ही ओढ पकडीच्या आधी कमी होऊ लागते. म्हणजे घसरण्यापूर्वी सूचना देण्याची सोय चाकाच्या स्वभावातच आहे. ती मधल्या यंत्रणेत गाळली जाऊ नये, एवढेच गाडी घडवणाऱ्याने पाहायचे असते. हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये मदत तेलाच्या दाबाची असते आणि ही सूचना त्यातून बरीचशी शाबूत येते. विजेच्या मोटरची मदत आली ती सबळ कारणाने : तेलाचा पंप इंजिनावर सतत ओझे टाकतो, मोटर मात्र लागेल तेव्हाच वीज घेते, इंधन वाचते, आणि पट्टा राखण्यासारख्या सोयी तिच्याशिवाय शक्य नाहीत. मोटरची जुळणी मन लावून केली तर तिच्यातूनही सूचना पोहोचते. बहुतेक गाड्यांमध्ये मात्र ती हलकेपणासाठी जुळवलेली असते, कारण ग्राहक शोरूमबाहेरच्या गल्लीत गाडी वळवून पाहतो.

तेच वळण, तोच वेग, भावाच्या गाडीत. कच कुठे आहे हे मला आता ठाऊक होते, तरीही हाताला काहीही कळले नाही. फलकावर पिवळा दिवा लुकलुकला, इंजिनाचा जोर क्षणभर कापला गेला, आणि गाडी सुखरूप पुढे गेली. घसरण रोखणारी ती यंत्रणा उत्तम आहे. ओल्या रस्त्यावर ती जीव वाचवते, आणि ती माझ्या गाडीत नाही याची मला खंत वाटते. माझे म्हणणे एवढेच की दिवा लागतो तो घटना घडल्यावर, आणि हाताला कळते ते घडण्याआधी. एकाच गाडीत दोन्ही असायला काहीच हरकत नाही.

दुसरा फरक उजव्या वळणांवर दिसला. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे तीव्र उजव्या वळणावर समोरच्या काचेचा उजवा खांब नेमका आपल्याला जिथे पाहायचे आहे तिथे येतो. नव्या गाड्यांचे खांब जाड असतात, कारण गाडी उलटली तर छत दबू नये. ते आवश्यक आहे. पण त्या खांबाआड अख्खी मोटारसायकल लपते, आणि घाटात प्रत्येक उजव्या वळणाला मान पुढे काढून पाहावे लागते. जुन्या गाडीच्या बारीक खांबांमुळे आणि खाली उतरत्या बोनेटमुळे रस्ता पायाजवळपर्यंत दिसतो. चालवण्याच्या सुखाविषयी लिहिताना लोक इंजिनाबद्दल पानेच्या पाने लिहितात आणि दिसण्याबद्दल ओळभरही नाही, हे मला पटत नाही. जे दिसत नाही त्याच्यावर विश्वास ठेवून वळण घेता येत नाही.

संध्याकाळी घाटमाथ्यावर, पिंपळगाव जोगा जलाशयाकडे तोंड करून बसलो असताना काकांच्या पहिल्या मोटारीचा विषय निघाला. ती होती मारुती ८००. डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आलेली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि वजन सुमारे साडेसहाशे किलो. “तिला ताकद अशी नव्हतीच,” काका म्हणाले, “पण दिवसभर बस ओढून आलेल्या माणसाला ती पायातल्या चपलेसारखी वाटायची.” या हलकेपणाला मोटारीच्या इतिहासात मोठा मान आहे. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी १९५९मध्ये घडवलेली मिनी जेमतेम ३ मीटर लांबीची होती. इंजिन आडवे बसवून, चाके चारही कोपऱ्यांना ढकलून त्यांनी ती अशी बांधली की पुढे १९६४, १९६५ आणि १९६७ साली तिने माँटे कार्लो रॅली जिंकली, आणि तीही तिच्यापेक्षा कितीतरी ताकदवान गाड्यांसमोर. लोटस या ब्रिटिश मोटार कंपनीचे कॉलिन चॅपमन वजन कमी करण्याच्याच मागे लागलेले असत. १९८९मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५ चे वजन सुमारे साडेनऊशे किलो होते आणि इंजिन अवघे १६०० सीसीचे. तरी ती जगातली सर्वाधिक खपाची दोन आसनी स्पोर्ट्स कार ठरली. वजन कमी असले की गाडी लवकर थांबते, लवकर वळते, टायर आणि ब्रेक यांच्यावर भार कमी येतो, आणि या सगळ्यासाठी मोठे इंजिन लागत नाही. मोठे इंजिन बसवले की ते पेलायला मोठे ब्रेक, रुंद टायर आणि जड सांगाडा लागतो, आणि मग त्या जडपणासाठी आणखी ताकद. भाऊ बराच वेळ ऐकत होता. “म्हणजे दादा, मी जास्तीचे पैसे देऊन वजन विकत घेतले?” असे त्याने विचारले. मी त्याला सांगितले की त्याने सुरक्षा, जागा आणि विसावा घेतला आहे, आणि त्यांचे वजन असतेच.

तिसरा दिवस : आळेफाटा, संगमनेर, भंडारदरा

ओतूर, आळेफाटा आणि तिथून पुणे-नाशिक रस्त्याने संगमनेर, हा टप्पा सरळ असल्याने थोडक्यात सांगतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे कुठे पुसलेले, कुठे जुन्या-नव्या रेषा एकमेकींवर चढलेल्या होत्या, त्यामुळे पट्टा राखणारी यंत्रणा अधूनमधून स्टिअरिंगला नको तेव्हा धक्का देत होती. चंदनापुरी घाटाआधीच भावाने ती बंद केली. पुढच्या अडथळ्यासाठी आपोआप ब्रेक लावणारी सोय मात्र त्याने चालू ठेवली, आणि ते योग्यच केले.

अकोले, राजूर करत दुपारी शेंडीला पोहोचलो. प्रवरेवरचे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाभोवती मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी गावे जोडणारा रस्ता फिरतो. रतनवाडीच्या अमृतेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही तो पूर्ण केला. रस्ता अरुंद, कडा तुटलेल्या, खड्डे अनेक. इथे ताकद, वेग, गिअर यांपैकी काहीच कामाला येत नाही. कामाला येते ते सस्पेन्शन, म्हणजे चाकांना गाडीशी जोडणारी स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरची रचना. चालकाची गाडी म्हणजे कडक गाडी, असा एक समज हौशी मंडळींमध्ये पक्का बसला आहे, आणि तो चुकीचा आहे. चाक खड्ड्यात उतरून परत वर येईपर्यंत रस्त्याला चिकटून राहिले पाहिजे; ते उडाले तर तेवढा वेळ ना वळवता येते, ना थांबवता येते. त्यासाठी स्प्रिंग मऊ आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर तिला ताब्यात ठेवणारा असावा लागतो. वळणावर गाडी थोडी कलली तर काही बिघडत नाही. ती किती कलते यापेक्षा कशी कलते हे महत्त्वाचे : एका लयीत कलून स्थिर झाली तर चालकाला तिच्यावर भार टाकता येतो, आणि कलल्यावर पुन्हा डोलली तर विश्वास जातो.

भावाच्या गाडीची १७ इंची मोठी चाके दिसायला देखणी आहेत, पण टायरची भिंत आखूड असल्याने खड्ड्याची प्रत्येक धार थेट आसनापर्यंत येत होती. शिवाय मोठे अलॉय चाक जड असते, आणि स्प्रिंगच्या खाली असलेले वजन जितके जास्त तितके शॉक अ‍ॅब्सॉर्बरला ते आवरणे अवघड जाते. पॅलिओची चाके लहान, टायर जाड. त्याच रस्त्यावर तिच्या आत आवाज जास्त होता, जुन्या प्लॅस्टिकची कुरकुर चालू होती, पण चाके रस्ता सोडत नव्हती. साम्रदच्या अलीकडे काका म्हणाले, “हिच्यात झोप लागेल,” आणि थोड्याच वेळात त्यांना ती खरोखर लागली.

संध्याकाळी दोन्ही गाड्यांच्या टायरची हवा गार असताना तपासली. भावाच्या गाडीत पुढच्या दोन चाकांत तीन पौंडांचा फरक निघाला; तो दुरुस्त केल्यावर तिचे स्टिअरिंगही थोडे बोलके झाले. प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकणारा भाग साधारण तळहाताएवढा असतो आणि गाडीची सगळी कर्तबगारी त्या चार तळहातांतून जाते, त्यामुळे हवेकडे दुर्लक्ष करून सस्पेन्शनच्या गुणदोषांची चर्चा करण्यात अर्थ नाही.

चौथा दिवस : समृद्धी, कसारा आणि ठाणे

घोटीपर्यंत एकत्र आलो आणि तिथे वाटा वेगळ्या केल्या. भावाची गाडी घेऊन मी इगतपुरीहून समृद्धी महामार्गाला लागलो; भाऊ आणि काका पॅलिओ घेऊन जुन्या मुंबई-नाशिक महामार्गाने कसारा घाट उतरणार होते. गाठ भिवंडीजवळच्या वडप्याला घालायची होती.

इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई मार्ग पूर्ण झाला. त्यातल्या सुमारे ८ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्याने कसाऱ्याचा घाट डोंगराच्या पोटातून काही मिनिटांत ओलांडला जातो. अभियांत्रिकीचे हे मोठे काम आहे, आणि घाटात ट्रक बंद पडून तासन् तास अडकलेल्या कोणालाही त्याचे मोल सांगावे लागणार नाही. वेग नेमून दिला, अंतर राखण्याची यंत्रणा चालू केली, आणि पुढे हातांनी फक्त स्टिअरिंग धरून ठेवायचे होते. मी ताजातवाना वडप्याला पोहोचलो. वाटेत काय काय केले हे आठवायला गेलो तर सांगण्यासारखे काहीच निघाले नाही, कारण करायचे काही उरलेच नव्हते. अशा रस्त्यावर लक्ष भटकू न देणे हेच चालकाचे खरे काम असते, आणि ते घाटापेक्षा अवघड आहे.

बऱ्याच वेळाने पॅलिओ आली. गाडीतून उतरल्यावर भावाने आधी डाव्या पोटरीवरून हात फिरवला आणि मग बोलू लागला. कसाऱ्याच्या उतारावर त्याने सुरुवातीला सवयीप्रमाणे ब्रेकवर पाय ठेवला होता. काकांनी त्याला लगेच थांबवले. “ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर,” हा एस.टी.तला जुना धडा त्यांनी दिला आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणायला लावले. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. माणसांसह १,३०० किलोची गाडी तेवढी खाली उतरते तेव्हा जवळजवळ ३८ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ती सगळी ब्रेकमध्ये गेली तर खोलीच्या तापमानाचे बारा लिटर पाणी उकळवेल एवढी उष्णता तिथे साठते. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषून घेते, पाणी मिसळलेले तेल लवकर उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल दबते पण गाडी थांबत नाही. म्हणूनच ते तेल साधारण दोन वर्षांनी बदलायचे आणि उतारावरचे ओझे इंजिनावर सोपवायचे. त्याच डोंगरातून जाणाऱ्या रेल्वेची चढण ३७ला १ आहे आणि तिथे गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात, यावरून त्या उताराचा अंदाज यावा.

“दादा, दुसऱ्या गिअरात टाकल्यावर गाडी मागून कोणीतरी धरल्यासारखी झाली,” भाऊ सांगत होता. “मग ब्रेक लागायचा तो फक्त वळणाच्या आधी, आणि तोही थोडासा. पाय किती दाबला की किती थांबते, हे दोन-तीन वळणांतच कळले.” पॅलिओचा ब्रेक त्याच्या गाडीपेक्षा अशक्त आहे. त्याच्या गाडीत चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि अचानक थांबण्याची वेळ आली तर मी तिच्यावरच भरवसा ठेवीन. पण तिचे पेडल पहिल्या इंचातच जवळजवळ सगळे देऊन टाकते, म्हणून हळुवार थांबायला पायाला जपावे लागते. पॅलिओचे पेडल घट्ट आहे आणि जेवढा जोर तेवढी पकड देते. खालून ट्रक चढत असेल तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा दुपदरी घाटातला नियमही काकांनी त्याला जाता जाता ऐकवला होता. स्वतंत्र वाहिन्यांच्या कसाऱ्यात त्याची गरज पडत नाही, माळशेजात पडते.

वडप्याहून माजिवड्यापर्यंतची गर्दी नेहमीचीच होती. खारेगावला आम्ही अर्धा तास जवळजवळ जागच्या जागी होतो, आणि त्या अर्ध्या तासात भावाने पुन्हा आपलीच गाडी मागून घेतली. ती त्याला शोभणारी आहे, आणि रोजच्या नेरूळ-ठाणे जाण्यायेण्याला ती बदलण्याचे काही कारणही नाही. मात्र तिच्यात काय सुधारता येईल याची यादी त्याने वाटेतच केली. १७ इंची चाके काढून तिच्याच खालच्या श्रेणीला कंपनीने दिलेली १६ इंची चाके घालायची. २०५/५५ आर१७ मापाच्या टायरऐवजी २०५/६० आर१६ घेतले की टायरची भिंत ११३वरून १२३ मिलिमीटर होते, चाकाचा एकूण व्यास ५ मिलिमीटरनेच घटतो, त्यामुळे वेगदर्शकात फारसा फरक पडत नाही आणि विम्याचीही अडचण येत नाही. चाकांचे अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यायचे. स्टिअरिंगची मदत मेनूमध्ये ‘स्पोर्ट’वर ठेवायची, कारण त्या गाडीत तेवढ्याने तरी मधली मोकळी जागा थोडी कमी होते, आणि घाटात गिअर हाताने बदलायचे. मी माझ्या बाजूने पॅलिओचे ब्रेकचे तेल आणि चारही रबरी नळ्या बदलण्याचे ठरवले आहे. तुर्भ्याच्या टायरवाल्याकडे शनिवारी जायचे आहे, आणि नव्या टायरवर पहिले शे-दोनशे किलोमीटर जपून चालवायचे, हे काकांनी त्याला आत्ताच बजावून ठेवले आहे.